बारा हजारांचा सरंजाम

दोन सरकारे परस्परांना निषेधाचे खलिते धाडू लागली, की त्या खलित्यांची भाषा इतिहासाचे अभ्यासक वाचतात, कायद्याचे जाणकार वाचतात. साहित्याच्या अभ्यासकांना मात्र तिच्याकडे वळावेसे सहसा वाटत नाही. राजनैतिक पत्र म्हणजे सांकेतिक, निर्जीव गद्य, असा आपला समज असतो. परंतु एखाद्या शब्दाचा अर्थ काय घ्यावा, या प्रश्नावर जेव्हा काही गावांचे भवितव्य अवलंबून राहते आणि तो शब्द जेव्हा मराठी असतो, तेव्हा साहित्याच्या अभ्यासकाला त्या वादाकडे पाठ फिरविता येत नाही. दादरा व नगरहवेली या पोर्तुगीज अंमलाखालील मुलखात १९५४ साली जो उठाव झाला आणि त्यावरून भारत व पोर्तुगाल यांच्यात जो वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला, त्याचे या दृष्टीने वाचन करावे, असा या लेखाचा हेतू आहे.

सटाण्याहून हे लिहिताना त्या मुलखाचे अंतर आम्हांला फारसे जाणवत नाही. बागलाणाची पश्चिम बाजू साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरांनी अडविलेली असली, तरी त्यापलीकडे डांग आहे आणि डांगाच्या पलीकडे समुद्राकडे उतरत जाणारा तो सखल प्रदेश आहे. दमणगंगा आमच्याच नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीत उगम पावते, नगरहवेलीतून वाहते आणि दमणपाशी समुद्राला मिळते. आज जिल्हे आणि राज्ये निराळी झाली असली, तरी १९५४ साली नाशिक, ठाणे, सुरत आणि डांग हे सारे जिल्हे एकाच मुंबई राज्यात होते. दादरा आणि नगरहवेली हे दोन तुकडे त्या राज्याच्या पोटात, समुद्रापासून आत, चारी बाजूंनी भारतीय भूमीने वेढलेले असे होते. दमणहून तेथे जावयाचे तर भारताची हद्द ओलांडणे भाग होते. एवढेच नव्हे, तर दादऱ्याहून नगरहवेलीत जातानाही मध्ये भारतीय भूमीची पट्टी लागत असे. सारा वाद या वाटेवरून उभा राहिला.

वादाची पूर्वपीठिका वाचकांना ठाऊक असेलच. तरी मोजके टप्पे नमूद करणे आवश्यक आहे. २७ फेब्रुवारी १९५० रोजी भारत सरकारने लिस्बनला एक निवेदन देऊन भारतातील पोर्तुगीज वसाहतींच्या भवितव्याविषयी वाटाघाटी सुरू कराव्यात, असे सुचविले. त्याच वर्षी जूनमध्ये पोर्तुगालने उत्तर दिले, की या विषयावर चर्चा करण्यासारखे काही नाही. पुढच्या वर्षी, १९५१ मध्ये, पोर्तुगालने आपल्या राज्यघटनेत दुरुस्ती करून ‘वसाहत’ हा शब्दच काढून टाकला आणि त्या जागी ‘सागरापारचा प्रांत’ असा शब्दप्रयोग आणला. वसाहतच नाही, तर ती सोडण्याचा प्रश्न उद्भवतो कोठे, असा हा युक्तिवाद होता. ११ जून १९५३ रोजी भारताने लिस्बनमधील आपली वकिलात बंद केली.

शब्द बदलला म्हणजे वस्तुस्थिती बदलते, अशी श्रद्धा राजकारणात नवी नाही. पण येथे तिचा परिणाम दूरवर गेला. २ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री पाउलो कुन्या यांनी जे संयुक्त पत्रक काढले, त्यात गोव्यादी प्रदेशांचा उल्लेख पोर्तुगालचे ‘प्रांत’ असाच आला. त्या एका शब्दाने दिल्लीत खळबळ उडाली आणि भारताने वॉशिंग्टनकडे विचारणा व निषेध केला. एका परक्या राष्ट्राने कोणते नाम वापरावे, यासाठी दुसऱ्या राष्ट्राने निषेध नोंदवावा, हे वरकरणी क्षुल्लक वाटेल. परंतु ‘प्रांत’ म्हटले, की तेथील असंतोष हा पोर्तुगालचा घरगुती प्रश्न ठरतो आणि ‘वसाहत’ म्हटले, की तो जगाचा प्रश्न होतो. पुढे डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पोर्तुगालच्या ताब्यातील हे प्रदेश स्वयंशासित नाहीत, असा ठराव करून हा नामभेद अमान्य केला. पण तोवर बरेच काही घडून गेले होते.

२१-२२ जुलै १९५४ च्या रात्री स्वयंसेवकांच्या एका तुकडीने दादऱ्याच्या पोलीस ठाण्यावर चाल करून ते ताब्यात घेतले. त्या झटापटीत तेथील पोलीस अधिकारी आनिसेतो रोझारियो मारला गेला. २ ऑगस्टला नगरहवेलीचे मुख्य ठिकाण असलेले सिल्व्हासा मुक्त झाले आणि ११ ऑगस्टपर्यंत कॅप्टन फिदाल्गो हा पोर्तुगीज अधिकारी आपल्या शिपायांसह शरण आला. या मोहिमेत युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्स, आझाद गोमंतक दल, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे कार्यकर्ते, कम्युनिस्ट कार्यकर्ते असे परस्परांशी न पटणारे गट निरनिराळ्या बाजूंनी सामील होते. मराठी रसिकांना गीतरामायणामुळे परिचित असलेले सुधीर फडके आणि पुढे शिवशाहीर म्हणून प्रसिद्धी पावलेले बाबासाहेब पुरंदरे हेही त्यांत होते.

आता खलिते सुरू झाले. पोर्तुगालचे म्हणणे असे, की हल्लेखोर भारतीय भूमीवरून आले, भारताच्या डोळ्यांदेखत आले आणि शांतता पुनःस्थापित करण्यासाठी आम्ही आमची माणसे पाठवू पाहतो, तर भारत वाट अडवितो. भारताचे म्हणणे असे, की हा लोकांचा उठाव आहे. तो चिरडण्यासाठी परकीय शिपाई आमच्या हद्दीतून जाऊ देणे आम्हांला शक्य नाही. तसे केल्यास आमच्याच मुलखात अशांतता माजेल. ऑगस्टमध्ये पोर्तुगालने तटस्थ निरीक्षक पाठविण्याची सूचना केली. भारताने ती तत्त्वतः स्वीकारली. पण निरीक्षकांनी नेमके काय पाहावे, यावर एकमत न होता ती सूचना बारगळली.

या पत्रव्यवहाराकडे तटस्थपणे पाहिले, तर दोन्ही बाजूंनी अर्धे सत्य सांगितले, असे म्हणणे प्राप्त आहे. स्वयंसेवक बव्हंशी मुंबई-पुण्याकडून गेलेले होते आणि मुंबई राज्याचे राखीव पोलीस सीमेवर उभे होते, ही वस्तुस्थिती भारताच्या खलित्यांत झाकली जाते. आणि ज्या सत्तेला आपल्या मुलखातील माणसांच्या बळावर पंधरवडाभरही तग धरता आला नाही, तिच्यामागे लोक होते काय, हा प्रश्न पोर्तुगालच्या खलित्यांत झाकला जातो. निषेधाच्या खलित्याचा हा गुणधर्मच आहे: तो जे सांगतो ते बहुधा खोटे नसते, पण त्याची वाक्यरचना काही प्रश्न विचारूच देत नाही.

पोर्तुगालला १४ डिसेंबर १९५५ रोजी संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व मिळाले. पाच दिवसांनी त्याने आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य केल्याची घोषणा केली आणि त्यानंतर तीनच दिवसांनी, २२ डिसेंबरला, भारताविरुद्ध अर्ज दाखल केला. भारताचे प्राथमिक आक्षेप, लेखी निवेदने आणि उत्तरे यांत चार वर्षे गेली. भारताची बाजू महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली; या खटल्यापुरते भारतातर्फे नेमलेले न्यायाधीश होते महंमद करीम छागला. पोर्तुगालची मागणी वाटेच्या हक्काची होती. परंतु हा हक्क कशाच्या आधारे, असे विचारले गेले, तेव्हा पोर्तुगालने जो मुख्य आधार पुढे ठेवला तो होता १७७९ चा पुण्याचा तह. येथून हा वाद मराठीच्या अंगणात येतो.

१७७९ चे राजकारण ध्यानात घ्यावे. नारायणरावांचा खून होऊन सहा वर्षे झाली होती. सवाई माधवराव बालक होते. कारभार नाना फडणीस पाहत होते. राघोबादादांच्या पक्षाने इंग्रज पुण्यावर चालून आले आणि त्याच वर्षाच्या आरंभी वडगावला पराभूत होऊन परत फिरले. तरी युद्ध संपलेले नव्हते. अशा वेळी पश्चिम किनाऱ्यावरील पोर्तुगीज निदान इंग्रजांना मिळू नयेत, ही पुणे दरबाराची गरज होती. पोर्तुगीजांच्या वतीने पुण्यात नारायण विठ्ठल धुमे हे सारस्वत वकील बोलणी करीत होते. म्हणजे दोन सत्तांमधील या व्यवहाराचे शब्दांकन ज्यांच्या हातून होत होते, त्यांत मराठी जाणणारी माणसे दोन्ही बाजूंना होती, हे विसरता कामा नये. पोर्तुगीजांच्या अशा एतद्देशीय वकिलांचा इतिहास गोव्याचे थोर संशोधक पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पुढे साधार लिहून ठेवला.

तहाच्या सतराव्या कलमात मैत्रीच्या बदल्यात दमण प्रांतात पोर्तुगीजांना बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे लावून देण्याचे ठरले. त्यानुसार १७८३ आणि १७८५ मध्ये सनदा झाल्या व गावे दिली गेली. पोर्तुगालचा दावा असा, की ही गावे सार्वभौम हक्काने दिली गेली. भारताचे उत्तर असे, की दिला गेला तो महसूल, मुलूख नव्हे. न्यायालयापुढे सतराव्या कलमाचे मराठी आणि पोर्तुगीज असे अनेक पाठ, त्यांच्या फ्रेंच व इंग्रजी भाषांतरांसह, मांडले गेले. युरोपातल्या, अमेरिकेतल्या, आशियातल्या न्यायाधीशांनी पेशवाईतील एका वाक्याचा अर्थ ठरवावयाचा होता.

प्रश्न ‘जहागीर’ आणि ‘सरंजाम’ या शब्दांचा होता. दोन्ही शब्द मूळचे फारसी. पण पेशवाईच्या कागदांत ते इतके मुरलेले, की त्यांचा अर्थ फारसी कोशावरून ठरविणे अपुरे पडावे. सरदाराने पथक बाळगावे, चाकरी करावी, यासाठी त्याला एखाद्या महालाचा वसूल लावून दिला जाई, तो सरंजाम. चाकरी संपली किंवा धन्याची मर्जी फिरली, की सरंजाम जप्त होऊ शके. इनामाची गोष्ट निराळी, वतनाची निराळी. या प्रत्येक शब्दामागे देणारा कोण, घेणारा कोण, किती काळासाठी आणि कशाच्या मोबदल्यात, याचा एक पूर्ण व्यवहार उभा असतो. बखरी आणि पत्रव्यवहार शिकविताना आपण अशा शब्दांखाली तळटीप देतो, ‘जहागीर म्हणजे उत्पन्न’ असे विद्यार्थ्यांकडून लिहवून घेतो आणि पुढे जातो. हेगमध्ये त्या तळटिपेवर खटला उभा राहिला.

१२ एप्रिल १९६० च्या निकालपत्रात न्यायालयाने केलेली मीमांसा साहित्याच्या वर्गात आदर्श म्हणून दाखवावी अशी आहे. न्यायालयाने शब्द एकटा घेतला नाही. त्याच भाषेतील, त्याच सत्तेने केलेले इतर तह पाहिले. मराठ्यांना जेव्हा खरोखरच मुलूख कायमचा द्यावयाचा असे, तेव्हा ते तसे स्पष्ट शब्दांत लिहीत, हे त्या तहांवरून दिसले. येथे तसे शब्द नाहीत. आणि जहागीर किंवा सरंजाम दिल्याने मुलुखाचे स्वामित्वच गेले, असे एकही उदाहरण न्यायालयाच्या निदर्शनास आणले गेले नाही. तेव्हा दिला गेला तो वर्षाला बारा हजार रुपयांचा महसुली हक्क, सार्वभौमत्व नव्हे, असा निष्कर्ष निघाला. शब्दाचा अर्थ त्या भाषेतील प्रयोगावरून ठरवावा, परक्या भाषेतील जवळच्या प्रतिशब्दावरून ठरवू नये, हा धडा आपण भाषांतरमीमांसेत शिकवितो.

त्याहूनही मार्मिक आहे तो बंडाचा मुद्दा. पोर्तुगालने म्हटले, की या गावांत बंडाळी झाल्यास ती मोडण्याचा अधिकार आम्हांला दिलेला होता. बंड मोडण्याचा अधिकार ही सार्वभौमाची खूण आहे. न्यायालयाने हा युक्तिवाद उलटा फिरविला. मुलूखच दिला असता, तर बंड मोडण्याचा अधिकार वेगळा सांगण्याची गरज काय होती? धन्याला आपल्या घरातील भांडण मिटविण्यास कोणाची परवानगी लागत नाही. ज्या अर्थी परवानगी लिहून दिली, त्या अर्थी धनी दुसराच होता. सार्वभौमत्वाचा पुरावा म्हणून पुढे केलेले वाक्य सार्वभौमत्वाच्या अभावाचा पुरावा ठरले.

वसुलाचा हक्क आणि स्वामित्व यांतील हा भेद सटाण्याच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. आमच्या गावाचे दैवत एक मामलेदार आहे. यशवंतराव महाराजांनी दुष्काळात सरकारी खजिना लोकांसाठी मोकळा केला, ही आठवण येथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते आणि त्यांच्या नावाची यात्रा भरते. त्या आठवणीचा सारा भार एका गोष्टीवर आहे: खजिना मामलेदाराचा नव्हता. तो वसूल करणारा होता, मालक नव्हता, म्हणूनच त्याने तो उघडणे ही गोष्ट लोकांच्या लक्षात राहिली.

पण एवढ्यावर थांबून मराठी शब्दाचा विजय झाला, असा समाधानाचा सूर लावला, तर ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. निकालपत्र तेथे थांबत नाही. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि इंग्रज आले. त्यांना पोर्तुगीज त्या गावांत स्वामी असल्यासारखे वागताना आढळले. इंग्रजांनी हरकत घेतली नाही. स्वतः त्या गावांवर हक्क सांगितला नाही. व्यवहारात त्यांनी पोर्तुगीजांचे स्वामित्व मानले आणि पुढे भारतानेही मौनाने ते मानले, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे सनदेतील सरंजाम शंभर-सव्वाशे वर्षांच्या वहिवाटीने मुलूख झाला. प्रयोगावरून अर्थ ठरतो, हे तत्त्व एकदा स्वीकारले, की ते दोन्हीकडे लागू पडते. पुण्याच्या दफ्तरातला प्रयोग एक अर्थ देतो आणि जमिनीवरचा प्रयोग कालांतराने दुसरा.

वहिवाटीचा हाच न्याय मात्र पोर्तुगालला एका ठिकाणी महागात पडला. डिसेंबर १८९० मध्ये मुंबई सरकारने गोव्याकडे तक्रार केली होती, की नगरहवेलीकडे जाणारे पोर्तुगीजांचे हत्यारबंद लोक रीतसर विनंती न करता ब्रिटिश हद्दीतून जातात. गोव्याच्या सरकारने त्याच महिन्यात उत्तर दिले, की पोर्तुगीज सैन्य पूर्वपरवानगीवाचून ब्रिटिश हद्द कधीच ओलांडीत नाही. उत्तर देणाऱ्याला आपल्या सरकारची अब्रू राखावयाची होती. एका किरकोळ निषेधाचे ते किरकोळ उत्तर होते. सत्तर वर्षांनी न्यायालयाने त्या वाक्याकडे बोट दाखविले: परवानगी लागत होती हे तुम्हीच मान्य केले आहे, मग हक्क कोठे राहिला? निषेधाला दिलेले उत्तर मूळ प्रसंग संपल्यावरही दफ्तरात जिवंत राहते.

निकाल असा लागला. खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्यापुरता १९५४ मध्ये पोर्तुगालला वाटेचा हक्क होता, असे अकरा विरुद्ध चार मतांनी ठरले. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे व दारूगोळा यांना तो नव्हता, असे आठ विरुद्ध सात मतांनी. आणि जुलै १९५४ मधील तंग परिस्थिती पाहता भारताने वाट बंद केली, त्यात आपल्या बंधनांचा भंग केला नाही, असे नऊ विरुद्ध सहा मतांनी. पहिल्या ठरावावर पोर्तुगालने समाधान मानावे, दुसऱ्या-तिसऱ्यावर भारताने, अशी ही विभागणी होती. ११ ऑगस्ट १९६१ पासून, घटनेच्या दहाव्या दुरुस्तीने, दादरा व नगरहवेली भारताचा केंद्रशासित प्रदेश झाला. त्याच वर्षी १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. पोर्तुगालने हे सारे मान्य केले ते स्वतःच्या देशातील हुकूमशाही कोसळल्यावर, ३१ डिसेंबर १९७४ च्या करारान्वये.

या सर्व कागदांत एक अनुपस्थिती आम्हांला सतत जाणवत राहते. नगरहवेलीत बहुसंख्य वस्ती वारली, धोडिया, कोकणा या आदिवासींची. १७७९ मध्ये बारा हजारांचा आकडा तहात लिहिला गेला, तो वसूल त्यांच्या शेतांतून यावयाचा होता. तो कोणाच्या हाती पडावा, याविषयी त्यांना कोणी विचारले नाही. १९५४ च्या खलित्यांत एका बाजूने त्यांना ‘शांतताप्रिय प्रजा’ म्हटले, दुसऱ्या बाजूने ‘उठलेले लोक’ म्हटले. हेगमध्ये मराठी, पोर्तुगीज, फ्रेंच, इंग्रजी या भाषांतून सतराव्या कलमाचा कीस काढला गेला. त्या गावांत जी बोली बोलली जात होती, तिच्यात एकही कागद नव्हता. लगतच्या तलासरी-उंबरगाव भागात नऊच वर्षांपूर्वी, १९४५ मध्ये, वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता आणि तो कोणत्याही परराष्ट्र खात्याच्या सांगण्यावरून केला नव्हता. सीमेच्या अलीकडचा वारली जमीनदार आणि सावकार यांच्याविरुद्ध उभा राहू शकत होता, तर पलीकडच्या वारल्याला काय हवे होते, हे खलित्यांवरून कळण्याचा मार्ग नाही. सार्वभौमत्वाचा प्रश्न त्याच्या शेताच्या बांधापर्यंत आलाच नसेल, असेही म्हणता येत नाही. त्याचे म्हणणे कोणी लिहून घेतले नाही, एवढेच निश्चित म्हणता येते.

कोकणा समाजाची वस्ती सुरगाणा, पेठ, कळवण आणि आमच्या बागलाणाच्या पश्चिमेकडील डोंगराळ गावांतही आहे. म्हणजे ज्यांच्या नातेवाइकांच्या मुलखाविषयी हा खटला चालला, ती माणसे सटाण्याच्या बाजाराला येत होती, आजही येतात. त्यांच्या बोलीत वसुलाला, बंडाला, धन्याला कोणते शब्द आहेत, हे आमच्या महाविद्यालयांतील मराठीच्या विद्यार्थ्यांना आज घरबसल्या विचारता येण्यासारखे आहे. त्यांतील काहींच्या तर घरात ते शब्द आहेत. ऐतिहासिक गद्य शिकविताना १७७९ चे कलम आणि १९६० चे निकालपत्र शेजारी ठेवून वाचावे आणि त्याच विद्यार्थ्यांनी घरच्या वृद्धांकडून या शब्दांची टिपणे करून आणावीत, असा प्रयोग एखाद्या वर्गात व्हावा, असे आम्हांला वाटते. न्यायालयासमोर जो पाठ कोणीच ठेवला नाही, त्याची निदान काही पाने त्यातून हाती लागतील.